बातमी एकट्याच्या खिशात ठेवू नकोस

पत्र

अक्का, सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा बातमीदार. वय २७. चार वर्षं एका दैनिकाचं काम करतोय, मानधनावर. गेल्या दोन महिन्यांत नदीतल्या वाळू उपशावर माझ्या तीन बातम्या आल्या. रात्री घाटावर जाऊन मीच फोटो काढले. दुसऱ्या बातमीनंतर दोन निनावी फोन आले. शिव्या दिल्या आणि 'गाडी हळू चालव' म्हणाले. तिसऱ्या बातमीनंतर दोघं जण वडिलांच्या किराणा दुकानात आले, बिस्किटाचा पुडा घेतला, पैसे दिले आणि जाताना 'पोराला जरा समजावा, एकुलता एक आहे' म्हणून गेले. तेव्हापासून आई धड जेवत नाही. ऑफिसातून सांगतात, 'बघ बाबा, जपून कर.' शाळेतला एक मित्र आता त्या लोकांच्यात असतो. तो म्हणतो, धाब्यावर बसू आणि विषय मिटवून टाकू. चौथी बातमी माझ्याकडे तयार आहे. देऊ की सोडून देऊ? दिली तर काळजी काय घेऊ?

उत्तर

लेकरा, तुझं पत्र चार पानी होतं. वर छापलंय ते जेमतेम एक पान. तुझं नाव, गाव, घाटाचं नाव मी काढून टाकलं. पण त्याआधी आणखी एक ओळ खोडली. टिप्परचे नंबर तुला ज्या माणसाकडून मिळतात, तो कुठे कामाला आहे हे तू लिहिलं होतंस. मला, जिला तू कधी पाहिलेलं नाहीस. पत्र टपालातून आलं, आमच्याकडे दोघातिघांच्या हातांतून गेलं, मग माझ्या टेबलावर पोचलं. ती ओळ अक्षर दिसेनासं होईपर्यंत खोडली, आणि मग उत्तराला बसले.

तुला रागावत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली. नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका सूतगिरणीत बॉयलरची देखभाल होत नाही, अशी बातमी दिली. नाव दिलं नाही, फार काळजी घेतली असं मला वाटत होतं. एवढंच लिहिलं, 'बॉयलरवर रात्रपाळीला असलेल्या कामगाराने सांगितले.' बॉयलरवर रात्रपाळीला एकच माणूस असायचा. आठ दिवसांत त्याला कामावरून बसवलं. पुढे त्याची बायको विड्या वळायला लागली आणि पोराची शाळा सुटली. तो मला भेटायला आला तेव्हा शिवी दिली नाही, नुसता दारात उभा राहिला. ते उभं राहणं मी विसरलेले नाही. म्हणून सुरक्षिततेचं बोलायचं तर मी आधी त्या माणसापासून सुरू करते. तुझ्या पाठीशी निदान दैनिकाचं नाव आहे, त्याच्या पाठीशी काहीच नाही. त्याचं नाव फोनमध्ये खऱ्या नावाने ठेवू नकोस. त्याने पाठवलेला फोटो जसाच्या तसा छापायला देऊ नकोस. कुठून काढलाय, कोणत्या वेळी काढलाय, हे कोनावरूनच घाटावरच्या लोकांना कळतं. प्रेस कौन्सिल म्हणजे वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणारी संस्था. तिच्या १९७८ च्या कायद्यात पत्रकाराला बातमीचा स्रोत सांगायला कौन्सिल भाग पाडू शकत नाही असं म्हटलंय, पण ते कौन्सिलपुरतं. कोर्टात, पोलीस ठाण्यात तेवढं कवच नाही. म्हणजे जे लिहूनच ठेवलं नाही, तेच खरं सुरक्षित.

आता तुझा प्रश्न. बातमी सोडू नकोस. पण ज्या पद्धतीने तीन बातम्या केल्यास, त्या पद्धतीने चौथी करू नकोस.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली, सांगू? फोनची नाही, दुकानात आलेल्या दोघांचीही नाही. 'मीच गेलो, मीच फोटो काढले, माझ्याकडे तयार आहे' या वाक्यांची. सगळं तुझ्या एकट्याकडे आहे, आणि हे त्यांना ठाऊक आहे. एका माणसाला गप्प केलं की बातमी गप्प होते, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. तो हिशेब चुकवायचा. चौथ्या बातमीची कागदपत्रं, फोटो, नोंदी आजच्या आज तीन ठिकाणी जाऊ देत: तुझ्या संपादकांकडे, सोलापुरातल्या एका वकिलाकडे, आणि दुसऱ्या दैनिकातल्या विश्वासू बातमीदाराकडे. हो, दुसऱ्या दैनिकातल्या. स्पर्धेचं मला सांगू नकोस, मी आयुष्य त्यात काढलंय. एकच बातमी दोन दैनिकांत एकाच सकाळी आली तर दोघांची एक्स्क्लुझिव्ह जाते खरी, पण मग कुणा एकाची गाडी अडवून काही साधत नाही. शक्य असेल तर बातमीवर तुझं नाव नको, 'विशेष प्रतिनिधी' पुरे. तालुक्यात कुणी लिहिली ते कळेलच. पण दैनिकाने ती आपली म्हणून स्वीकारली, हेही त्यासोबत कळतं.

बातमी छापून येते तो दिवस सगळ्यात वाईट. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची दुचाकी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी एका मोठ्या गाडीने उडवली, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्या माणसाविरुद्धची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. म्हणून ज्या सकाळी अंक येईल, त्या दिवशी आणि पुढचे चार दिवस तू मोटरसायकलवर एकटा दिसता कामा नये. एसटीने जा, कुणाच्या चारचाकीतून जा, नाहीतर सरळ सोलापूरला येऊन राहा. अंधार पडल्यावर तालुका ते गाव हा रस्ता करायचा नाही. आणि गाडीच्या नंबरप्लेटवर तू लाल अक्षरात 'प्रेस' लिहिलं असशील, सगळेच लिहितात. ते आज खरवडून टाक. नाकाबंदीत दोन मिनिटं वाचतात, पण तू कुठल्या हॉटेलात बसलायस ते रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक टिप्परवाल्याला कळतं. ओळखपत्र खिशात राहू दे.

धाब्यावर जाऊ नकोस. मित्र असला तरी, शाळेत एका बाकावर बसला असलात तरी. छत्तीसगडमधल्या बिजापूरचे पत्रकार मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ पासून बेपत्ता होते आणि ३ तारखेला एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. त्यांनी रस्त्याच्या कामाची बातमी केली होती, आणि आरोपींमध्ये नात्यातलीच माणसं निघाली. गावाकडे परका माणूस धमकी देतो आणि ओळखीचा माणूस बोलावणं घेऊन येतो, हे कायम लक्षात असू दे. मित्राला एवढंच सांग: 'त्यांची बाजू छापायला मी बांधील आहे. ती त्यांनी लेखी द्यावी, नाहीतर सोलापूरला ऑफिसात येऊन संपादकांसमोर सांगावी.' हे खोटं नाही, टाळाटाळ नाही. त्यांची बाजू घेणं तुझं कामच आहे, आणि तीन बातम्यांत ती कुठेच दिसली नाही. तीही एक त्रुटी होती, ती चौथीत भरून काढ.

आता जरा अवघड बोलते. तू मानधनावर आहेस. ते मानधन किती असतं मला माहीत आहे, आणि तालुक्याच्या बातमीदाराचं पोट जाहिरातीच्या कमिशनवर चालतं हेही माहीत आहे. दिवाळी पुरवणीला, नेत्याच्या वाढदिवसाला, पालखीच्या विशेषांकाला ज्यांच्याकडून जाहिराती आणतोस, त्यांत वाळूचा धंदा असलेलं कुणी आहे का? असेल तर तुझा खरा धोका टिप्पर नाही, खंडणीचा गुन्हा आहे. 'जाहिरात दिली नाही म्हणून बातमी छापली, आणि आणखी पैसे मागितले' एवढी एक फिर्याद पुरते. फोनवर तू कधी तरी सहज 'साहेब, यंदाचं बघा की' म्हटलेलं असतं, ते रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं. मारहाण झालेल्या बातमीदाराच्या बाजूने गाव उभं राहतं, पण खंडणीत अडकलेल्याच्या बाजूने त्याचा चुलतभाऊसुद्धा उभा राहत नाही. म्हणून संपादकांना आजच मेल कर, तारखेसह: वाळूशी संबंधित अमुक अमुक व्यक्तींकडून मी जाहिरात घेणार नाही, आधीची असेल तर तिची पावती ही. यापुढे त्या मंडळींशी पैशाचा शब्द फोनवर नाही, भेटीत नाही, मस्करीत नाही. जाहिराती गोळा करायचं काम आणि बातमीचं काम एकाच पोराच्या गळ्यात मारणाऱ्या व्यवस्थेवर माझा फार राग आहे. पण तो माझा राग तुला वाचवणार नाही, तो मेल वाचवेल.

मेल लिहितोच आहेस तर आणखी एक गोष्ट माग: नेमणुकीचं पत्र. साधं, लेटरहेडवर, 'हे आमचे अमुक तालुक्याचे प्रतिनिधी आहेत' एवढंच. कारण सांगते. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो २०१९ मध्ये लागू झाला. हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही, जखमीच्या उपचारांचा खर्च आरोपीने द्यायचा. हा कायदा यावा म्हणून पत्रकार हल्ला विरोधी कृती समितीने वर्षानुवर्षं खेटे घातले. पण त्याचा लाभ प्रसारमाध्यमात कामाला असलेल्याला मिळतो. पगारी असो वा कंत्राटी, तसं दाखवावं लागतं. वेळ आली की 'तो आमचा कर्मचारी नाही' म्हणून हात झटकल्याची उदाहरणं मी जवळून पाहिलीत. म्हणून कागद आत्ताच हातात असू दे. आणि याच कायद्यात खोटी तक्रार करणाऱ्या पत्रकारालाही तितकीच शिक्षा आहे, तेव्हा तक्रारीत एक शब्दही वाढवून लिहायचा नाही.

तुझ्यावर अजून हात उचललेला नाही, धमकी आलीय. धमकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ लागतं, आणि निनावी धमकीला त्यातच जादा शिक्षा आहे. तू अजून तक्रार दिलेली नाहीस, हे पत्रावरून मला कळलं. उद्या सकाळी दे. ठाण्यात एकटा जाऊ नकोस, दोन पत्रकार आणि जमलं तर वकील सोबत असू देत. दोन्ही फोनची तारीख, वेळ, नंबर, नेमके शब्द. दुकानात आलेल्या दोघांचं वर्णन, गाडी कोणती होती ते. 'एकुलता एक आहे' हे वाक्य जसंच्या तसं लिही, ऐकणाऱ्याला ते प्रेमाचं वाटेल, पण फोनवरच्या 'गाडी हळू चालव' शेजारी ठेवलं की त्याचा अर्थ उघडा पडतो. अर्जाची पोच शिक्का मारून घे. नुसती अदखलपात्र नोंद करून घरी पाठवतील, तेव्हा वाद घालू नकोस. तोच अर्ज रजिस्टर टपालाने सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना पाठव, ती सोय कायद्यातच आहे. तिथेही हललं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तक्रार दिली म्हणजे झालं, असं मात्र समजू नकोस. मध्य प्रदेशात भिंडच्या पत्रकार संदीप शर्मा यांनी वाळूवरच स्टिंग केलं होतं, पोलिसांकडे संरक्षणही मागितलं होतं, आणि मार्च २०१८ मध्ये ते ट्रकखाली गेले. अर्ज हा पुरावा असतो. तो काही तुझ्या मोटरसायकलच्या मागे चालत येत नाही.

त्यासाठी एक साधी शंभरपानी वही घे. रोज रात्री चार ओळी: कुठे गेलो, कोण भेटलं (टिप्परचे नंबर देणारा माणूस सोडून), कोणती गाडी दोनदा दिसली, कुणाचा फोन आला. तारीख टाकून. सात दिवसांनी त्या पानांचे फोटो वकिलाला पाठव. कोर्टात आठवणीपेक्षा अशी वही जास्त बोलते, आणि तुझ्या मनातलीही निम्मी भीती कागदावर उतरून जाते.

रात्री घाटावर जाणं बंद. पूर्ण बंद. तिथे अंधार, पाणी, सक्शन बोटी, दारू प्यालेली माणसं, आणि परत यायला एकच वाट. तिथून आणलेल्या फोटोत काय दिसतं? दोन हेडलाइट. खरी बातमी कागदात आहे, आणि कागद दिवसा मिळतो. लिलाव कोणत्या गटापुरता झाला, किती ब्रासचा (ब्रास म्हणजे वाळू मोजायचं माप) झाला, वाहतुकीचे परवाने किती ब्रासचे निघाले, तहसीलने दंडाची किती प्रकरणं केली आणि त्यांतला किती दंड वसूल झाला, ग्रामसभेने काय ठराव केला. हे आकडे एकमेकांशेजारी मांडले की नदी आपोआप बोलायला लागते. गूगल अर्थवर एकाच जागेची जुनी उपग्रह चित्रं बघता येतात. पात्रातला खड्डा कोणत्या वर्षी नव्हता आणि कोणत्या वर्षी झाला, ते घरबसल्या दिसतं. दिवसाउजेडी पुलावर उभं राहून दहाजणांच्या देखत काढलेला फोटो त्याच्या जोडीला पुरेसा आहे. माहिती अधिकाराचा अर्ज टाकावाच लागेल, दहा रुपयांत आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पण तो तुझ्या नावाने आणि घरच्या पत्त्याने नको. अर्जदाराचं नाव टेबलावरून धाब्यावर पोचायला एक दिवस लागतो. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीच्या व्यवहारांची माहिती मागवत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. अर्ज सोलापूरच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने ऑफिसच्या पत्त्यावरून करावा.

फोनचं थोडक्यात सांगते, कारण तुम्हा मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लाव. लिंक्ड डिव्हाइसमध्ये अनोळखी काही दिसतंय का, आठवड्यातून एकदा बघ. लॉक असताना स्क्रीनवर मेसेज दिसणं बंद कर. मूळ फोटो आणि रेकॉर्डिंग खोडू नकोस, काटछाट करू नकोस, फक्त प्रत दुसरीकडे ठेव. बाहेर पडताना बहिणीला किंवा मित्राला आठ तासांचं लाइव्ह लोकेशन पाठव. आणि त्याच्याशी ठरव: अमुक वाजेपर्यंत माझा फोन आला नाही तर आधी मला, मग संपादकांना, मग ११२ ला. 'बघू, येईल थोड्या वेळाने' असं करत बसायचं नाही. ही वेळ आधीच ठरलेली असली की घाबरलेल्या माणसाला विचार करावा लागत नाही.

(बातमीदार मुलींचीही पत्रं येतात. त्यांना येणाऱ्या धमक्या बातमीवर नसतात, चारित्र्यावर असतात. तेही कलमांत बसतं, पाठलागाला कलम ७८ आहे. त्यावर स्वतंत्र लिहीन.)

घरच्यांचं. वडिलांनी दुकानात वाद घालायचा नाही, हमीही द्यायची नाही. 'पोरगा ऐकत नाही हो' एवढंही म्हणायचं नाही. 'पेपरचं काम सोलापूरच्या ऑफिसात बोला' एवढं एकच वाक्य, दर वेळी तेच. शेजारच्या दुकानदाराला विश्वासात घ्यायला सांग, गाडीचा नंबर त्याने टिपावा. आईला मात्र खरं सांग. आया अर्धवट माहितीने जास्त खचतात. तू काय काय तजवीज केलीस ते तिला एकेक करून दाखव, वही दाखव, पोच दाखव. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा बँकेतून मिळतो, तो काढला नसशील तर काढ, पण ते तिला या आठवड्यात सांगू नकोस.

शेवटी एक गोष्ट, जी तुला पुढच्या महिन्यात ऐकवली जाईल. सहा जानेवारीला पत्रकार दिन. तालुक्यात कार्यक्रम होईल, हार घातले जातील, आणि कुणीतरी माइकवरून सांगेल की ही इंग्रजांचा मार्शल लॉ झुगारणाऱ्या सोलापूरची माती आहे, इथला पत्रकार मरणाला भीत नाही. सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे वर्तमानपत्रही चालवत होते, हे खरं आहे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघं फासावर गेले, हेही खरं आहे. त्या पुतळ्यांसमोरून जाताना माझे हात आजही जोडले जातात. पण त्यांचं नाव घेऊन सत्तावीस वर्षांच्या पोराला रात्री एकट्याला नदीवर पाठवणारा माणूस मला मान्य नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण तुझ्यासोबत ठाण्यात येतात, ते उद्या सकाळी कळेल. जे येतील त्यांची नावं वहीत लिहून ठेव.

वकिलांशी मी बोलले आहे. पत्रकारांची प्रकरणं त्या फी न घेता बघतात. त्यांचा नंबर इथे छापत नाही, तुला फोनवर देते. गुरुवारी दुपारी सोलापूरला ये. एसटीने ये, पाचच्या आत परतीची गाडी मिळेल असा ये. चौथी बातमी आण, ती आमच्यापैकी तिघांसमोर वाच आणि आम्हाला त्यात खोट काढू दे. वडिलांना सोबत आण. त्या दोघांनी दुकानात नेमकं काय म्हटलं, ते वकीलबाईंनी त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं.

तुझी,
अक्का